मोतीचं माप, मनीचं बळ
कुत्रा आणि मांजर एकाच झडपेतून ये-जा करणार असतील, तर माप कुत्र्याचं घ्यावं आणि झडपेचं वजन मांजराला झेपेल एवढंच ठेवावं. आमच्या मोतीला भिंतीशी उभं करून खांद्यापर्यंतची उंची मोजली, वर चार बोटं जास्त धरून पुठ्ठ्यात भोक कापलं. तो अंग न चोरता पलीकडे गेला, तेव्हाच सुताराला बोलावलं. मनीला मात्र ती झडप ढकलवेना. नाक टेकवायची, मिशा मागे घ्यायची आणि तिथेच बसून राहायची, बिचारी. शेवटी हलकी झडप लावली, आठवडाभर दोरीनं वर बांधून पलीकडे सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवला, तेव्हा कुठे भीड चेपली. आतल्या खोलीला मोती शिरणार नाही एवढं लहान दारही केलं. मांजराला स्वतःचा निवांत कोपरा लागतोच. कातडीखालची मायक्रोचिप ओळखून उघडणाऱ्या झडपाही मिळतात, गल्लीतले बोके त्यामुळे बाहेर राहतात. तरी रात्री कडी हवीच. पावसाळ्यात घुशी आणि साप कोरडी जागा शोधत येतात, आणि जुन्नरसारख्या बिबट्याच्या टापूत तर अंधार पडल्यावर कुत्र्याला बाहेर जाऊ देऊच नये.