दाबू आधी लागतो

बगरूच्या छीपा मोहल्ल्यात पाऊल टाकलं की ओल्या मातीचा वास आधी येतो, रंगाचा नंतर. जयपूरहून अजमेरकडे जाणाऱ्या महामार्गावर तीसेक किलोमीटरवर हे गाव. इथलं ठशांच्या छपाईचं कापड पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांतून आपण हौसेने घेतो. त्यावरची नक्षी ज्या मातीने उमटते, तिला इथे 'दाबू' म्हणतात. काळी माती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचं पीठ मळून केलेला तो लगदा. लाकडी ठशाने तो कापडावर उठवायचा, ओला असतानाच वर लाकडाचा भुसा भुरभुरायचा, उन्हात वाळवायचं आणि मग कापड निळीच्या हौदात बुडवायचं. दाबू असेल तिथे नीळ शिरत नाही. पण नीळ एकदा शिरली, की मग कितीही दाबू थापला तरी ती जागा पुन्हा पांढरी होत नाही.

मुलांचा शाळेत होणारा छळ आणि त्यांना लागणारी नशा यांबद्दल विचार करताना मला ही माती सारखी आठवते, कारण आपण जे काही करतो ते नीळ चढल्यावर. आधी काही करायची गरज नाही, हे पटवून देणारे युक्तिवाद मात्र आपल्याकडे तयार असतात. ते मी बगरूत ऐकले, तसेच पुण्यातही ऐकले. त्यांना उत्तर द्यायलाच हवं.

"ये सब शहर की बातें हैं," असं बगरूत मला एका वयस्कर छपाईवाल्याने सांगितलं. माणूस मनापासून बोलत होता. त्याच्या डोळ्यांसमोर नशा म्हणजे जयपूरच्या हॉटेलांतली पार्टी आणि महागड्या पुड्या. पण शाळकरी मुलाची नशा बहुतेक वेळा तिथे सुरू होत नाही. ती पंक्चर काढायच्या सोल्यूशनमध्ये असते, रंगकामाच्या थिनरमध्ये असते, गुटख्याच्या पुडीत असते. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली आणि तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात एक आकडा प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे. हुंगण्याच्या नशेचं प्रमाण मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के आणि १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये १.१७ टक्के निघालं, म्हणजे दुप्पट. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली ही एकच नशा. तिला ना पैसा लागतो, ना शहर. ज्या गावातून अजमेरचा महामार्ग जातो, ज्याच्या कडेला ट्रक थांबतात, औद्योगिक वसाहत आहे, त्या गावाने 'आमच्याकडे नाही' म्हणावं, याची मला भीती वाटते.

आणि छळाला तर महामार्गही लागत नाही. घरच्या कामात मदत करून निळीने रंगलेले हात घेऊन एखादं पोर वर्गात येऊन बसलं, तर त्याला नाव पडायला किती वेळ लागतो? आपल्या खेड्यांतल्या शाळांत जात, आडनाव, रंग, तोतरेपणा, बापाचा धंदा या सगळ्यांवरून नावं पडतच आली आहेत.

इथे दुसरा युक्तिवाद पुढे येतो आणि तो जास्त चिवट आहे. "आम्हालाही चिडवायचे. आम्ही काय मेलो? त्यातूनच माणूस घट्ट होतो." मराठीत आपल्याकडे 'चेष्टा' हा एक शब्द आहे, आणि त्याने आपली फार मोठी सोय केली आहे. वहिनीची थट्टाही चेष्टा, आणि रोज डब्यात माती टाकणं हीही चेष्टाच. मूल रडत घरी आलं की आपण म्हणतो, "अगं, चेष्टेत घ्यावं." नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी छळाला कंटाळून जीव दिल्यानंतर डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञावर शाळांसाठी कार्यक्रम आखायची जबाबदारी आली. त्याने भांडण आणि छळ यांत नेमका फरक केला. छळ पुन्हा पुन्हा होतो, आणि ज्याचा होतो त्याला बरोबरीने उत्तर देता येत नाही. मुलांनी भांडावं, रुसावं, आपापसांत मिटवावं, हे मलाही मान्य आहे. प्रत्येक ओरखडा घेऊन मुख्याध्यापकांकडे धावू नये. पण दहा जण आणि एक, हे भांडण नसतं.

मी सातवीत असताना आमच्या वर्गात एक तोतरा मुलगा होता. त्याला वाचायला उभं केलं की वर्ग हसायचा, आणि शिक्षकही हसायचे. मी कधी त्याला चिडवलं नाही, पण हसलो मात्र दर वेळी. आठवीत त्याने शाळा सोडली. ज्यांच्यात तो बोलू शकला, ज्यांनी त्याला न हसता जवळ घेतलं, ते होते थिएटरमागे बिड्या ओढत बसणारे. बिडीनंतर दारू आली. तो घट्ट झाला की नाही, हे आता त्याला विचारता येत नाही.

छळ आणि नशा यांची गाठ मला तिथे दिसली. मुलाच्या हातात पहिली पुडी सहसा अनोळखी विक्रेता ठेवत नाही, ओळखीचा मुलगाच ठेवतो. आणि वर्गाने वाळीत टाकलेल्या मुलाला 'नको' म्हणणं सगळ्यात महाग पडतं, कारण नकार दिला तर तो पुन्हा एकटा. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी जो कार्यक्रम तयार केला, त्याचा रोख छळणाऱ्यापेक्षा बघ्यांवर आहे, तो याचसाठी. माझ्यासारख्या हसणाऱ्यांनी हसणं थांबवलं असतं, तर छळणाऱ्याचा निम्मा जोर ओसरला असता.

जयपूरची गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. १ नोव्हेंबर २०२५ रोजी तिथल्या एका मोठ्या खासगी शाळेत चौथीतल्या नऊ वर्षांच्या मुलीने जीव दिला. त्यानंतर सीबीएसईने शाळेला बजावलेल्या नोटिशीत आहे की तिला दीड वर्ष त्रास होत होता, आई-वडिलांनी तक्रारी केल्या होत्या, आणि शेवटच्या पाऊण तासात ती पाच वेळा शिक्षिकेकडे गेली होती. पाच वेळा! मुलं सांगत नाहीत, असं आपण म्हणतो. या मुलीने सांगितलं होतं. शाळांनी छळ रोखण्यासाठी समिती नेमावी, असं सीबीएसईनेच २०१५ मध्ये कळवलं होतं. समितीचा फलक भिंतीवर असतो. वर्गात त्या क्षणी हातातलं काम बाजूला ठेवून मुलाकडे पाहणारं माणूस लागतं.

तिसरा युक्तिवाद सरकारी आहे आणि वरवर पाहता कामाचा वाटतो. मुलांना घाबरवा. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनाची फेरी काढा, शपथ द्या, पोलीस अधिकाऱ्याचं भाषण ठेवा, सडलेल्या फुप्फुसाचं चित्र दाखवा. हा प्रयोग जगात सगळ्यात मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाला. लॉस एंजलिसमध्ये १९८३ मध्ये सुरू झालेल्या 'डेअर' कार्यक्रमात गणवेशातले पोलीस वर्गावर येऊन नशेविरुद्ध धडे देत. देशभरातल्या शाळांनी तो उचलला, पालकांना तो फार आवडला. संशोधकांनी मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत पुढे जवळजवळ काहीच फरक सापडला नाही. भाषण ऐकणाऱ्या मुलाला नशा वाईट असते हे आधीच ठाऊक असतं. मित्राने सिगारेट पुढे केल्यावर मैत्री न तोडता ती कशी नाकारायची, हे त्याला ठाऊक नसतं. भीतीने आणखी एक नुकसान होतं. ज्याने एकदा चव घेतली आहे, तो आता घरी सांगणार नाही. 'तू वाया गेलास' हे ऐकायला कोण जाईल?

आता उरतो तो सगळ्यांचा आवडता युक्तिवाद, की आई-बापांचं लक्ष नाही. हे शिक्षक म्हणतात, शेजारी म्हणतात, आणि गाडी घराबाहेर उभी असलेली माणसं तर फारच ठामपणे म्हणतात. बगरूत सूर्य वर आला की कापड वाळत घालायचं, आणि मावळायच्या आत उचलायचं. हे काम करणाऱ्या बाईला मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला अकरा वाजता बोलावून, ती आली नाही म्हणून बेफिकीर ठरवणं हा अन्याय आहे. एकटं कुटुंब हे काम करू शकत नाही. ते चांगलं असलं तरी नाही.

करता येतं ते कसं, याचं एक उदाहरण आइसलँडचं आहे. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्यात दारूने झिंगल्याचं सांगत. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी दर ठरावीक काळाने शाळेशाळेतून मुलांना विचारलं आणि आलेलं उत्तर त्याच गावाच्या पालकांपुढे ठेवलं. खेळ आणि संगीताच्या वर्गांना पैसे दिले. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर राहू नये असा कायदा केला. आणि पालकांनी आपसांत लेखी करार केले, की आमच्या घरी कोणाच्याही मुलाला दारू मिळणार नाही आणि तुमचं मूल भलतीकडे दिसलं तर आम्ही तुम्हाला सांगू. छोटा, श्रीमंत देश आहे, हे खरं. पण या करारात पैशाचं काय आहे? आपल्या वाड्यांत आणि चाळींत हे न लिहिता चालत होतं. एकाच्या पोराला दुसऱ्याची आई रागवू शकत होती. ती ओळख तुटली आहे, आणि मुलं त्या फटीतून पडतात.

नशेच्या आहारी गेलेल्यांचं काय, याला उत्तर महाराष्ट्राने देऊन ठेवलं आहे. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगरला 'गर्द' म्हणत. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचटांनी तिथली रीत घालून दिली. व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे, गुन्हेगार नाही. त्याला मारायचं नाही, त्याचा अपमान करायचा नाही, आणि त्याच्या घरच्यांनाही सोबत घ्यायचं. पत्नींसाठी तिथे 'सहचरी' गट चालतो, कारण घर एकटं पडलं की माणूस परत घसरतो. जी गोष्ट मुक्तांगणने उपचारात वापरली, ती पंधरा वर्षं आधी, मूल शाळेत असताना वापरता येते. मूल सांगतंय ते पहिल्याच वेळी ऐकायचं. ऐकताना 'तू काय केलं होतंस?' हा प्रश्न आधी विचारायचा नाही. आणि त्याच आठवड्यात शाळेत जाऊन, तारीख घालून, लेखी द्यायचं. छळणारं मूल आपलं निघालं तर? तर तेही ऐकायचं. ते वाईट आहे म्हणून नाही. त्यालाही कोणीतरी कुठेतरी हे शिकवलं आहे म्हणून.

पाच-सात पालक एकत्र आले की कायदाही बोलू लागतो. शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. टपरीवाल्याशी एकटा बाप भांडला तर ती दुश्मनी होते. सात जण कलमाचा कागद घेऊन ठाण्यात गेले तर ती तक्रार होते, आणि टपरी हलते.

बगरूत दाबू मळायचं काम एकट्याचं नसतं. एक जण पायाने माती तुडवतो, दुसरा गाळतो, तिसरा ठसा उचलतो, आणि कापड हौदात जाईपर्यंत घरातली बहुतेक माणसं त्याला हात लावून झालेली असतात. तुमच्या मुलाच्या बाकावर शेजारी जे मूल बसतं, त्याच्या आईचा फोन नंबर तुमच्याजवळ आहे का? नसेल तर उद्या शाळा सुटताना फाटकापाशी थांबून तो घ्या, आणि आपला द्या. त्याच्याखाली आणखी दोन नंबर लिहून ठेवा: संकटातल्या मुलांसाठी १०९८, आणि नशामुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६. दोन्हीकडे फोन करायला पैसे पडत नाहीत.