आजींच्या आठवणी इंग्रजीत कशाला?

मल्लेश्वरममधल्या मराठी घरात सत्तरीच्या आजी आठवणी लिहायला बसल्या की मुलं म्हणतात, इंग्रजीत लिही, नातवंडांना वाचता येईल. मराठीत लिहिल्याच, तर संपादक म्हणतात, कन्नड शब्द काढा. सारूची आमटी करा, कोसंबरीची कोशिंबीर. मला दोन्ही सल्ल्यांचा राग येतो.

सारू म्हणजे आमटी नव्हे, जेवलेल्यांना विचारा. इथल्या काडू मल्लेश्वराला व्यंकोजीराजांनी 1669मध्ये दान दिल्याचा शिलालेख आहे. अशा गावच्या मराठीत कन्नड मुरणार नाही तर काय? ते उपटून काढलं की उरते पुण्याची कुणीतरी बाई, जी संपिगे रोडला भाजी घ्यायला कधी गेलीच नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी साठी ओलांडल्यावर ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, बोलत होत्या त्याच मराठीत. 1934पासून ती चार भागांत आली. जोसेफिन इंकस्टर यांनी 1950मध्ये ती इंग्रजीत नेली, शांता गोखले यांनी 2017मध्ये पुन्हा. दोन अनुवादांना पुरून उरेल इतकं मुळात होतं. लक्ष्मीबाईंनी नातवंडांसाठी बेताच्या इंग्रजीत चार पानं खरडली असती, तर आम्ही अनुवादकांनी काय खाल्लं असतं? (तसंही फार खात नाही.)

नातवंडांची सोय बघणं हे आमचं काम. आजींनी अडिगेमनेला अडिगेमनेच लिहावं. स्वयंपाकघर म्हणायचं की नाही, ते अनुवाद करताना मी बघेन.