येशूची कथा, बाखचे सूर आणि आपले कान

संगीतकार योहान सेबास्टियन बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ प्रथम लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या उपासनेत गायले गेले. ते वर्ष १७२७ असावे, असे अभ्यासक मानतात. येशूची अटक, खटला, वधस्तंभावरचा मृत्यू आणि दफन एवढी कथा या रचनेत येते. तिच्यासाठी दोन वाद्यवृंद आणि दोन गायकवृंद लागतात, आणि सबंध रचना ऐकायला पावणेतीन तासांच्या आसपास वेळ लागतो. मूळ उपासनेत तिच्या दोन भागांच्या मध्ये प्रवचन होत असे. मैफलीसाठी ती लिहिलेलीच नव्हती. तरीही आज जगभरच्या सभागृहांत ती ऐकणाऱ्यांमध्ये येशूला देव मानणारे असतात, न मानणारे असतात आणि कोणताच देव न मानणारेही असतात. या शेवटच्या दोन गटांचा आनंद उसना नाही आणि अपुराही नाही.

त्याचे कारण रचनेतच आहे. येशूच्या तोंडच्या शब्दांभोवती बाख तंतुवाद्यांचे लांब, संथ सूर ठेवतो. बाकीच्या पात्रांना ही सोबत मिळत नाही. मात्र देवानेही आपल्याला टाकले, असा वधस्तंभावरचा अखेरचा आक्रोश येतो तेव्हा ती तंतुवाद्ये गप्प होतात. माणूस पुरता एकटा पडला, हे त्या क्षणी कानालाच कळते. त्यासाठी बाप्तिस्मा घेतलेला असावा लागत नाही. येशूचा शिष्य पेत्र याचा प्रसंगही असाच. कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने तीनदा गुरूची ओळख नाकारलेली असते आणि आता तो रडतो आहे. येथे बाख एकट्या व्हायोलिनला पुढे आणतो, आणि त्या सुरावटीशी गुंफलेला एकल गायनस्वर दयेची याचना करतो. भीतीपोटी आपल्या माणसाला नाकारल्याची ही लाज कोणत्याही धर्माच्या माणसाला परकी नाही. पाश्चात्त्य संगीतात पश्चात्तापाला याहून खरा आवाज क्वचितच मिळाला असेल.

याच रचनेत पाच वेळा परत येणाऱ्या एका स्तोत्राच्या चालीचा इतिहास बोलका आहे. काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूच्या मस्तकाला उद्देशून हे स्तोत्र गातात, आणि पुष्कळ ख्रिस्ती भाविकांना ही चाल ऐकताच गुड फ्रायडे आठवतो. पण हान्स लिओ हास्लरने ती १६०१ साली प्रसिद्ध केली तेव्हा ती एका प्रेमगीताची चाल होती. प्रियेसाठी व्याकूळ झालेल्या मनाचे सूर पुढे चर्चने आपलेसे केले. सूर एकाच श्रद्धेच्या मालकीचे नसतात, याचा याहून चांगला पुरावा शोधायला नको.

बाखच्या मृत्यूनंतर हे पॅशन जवळपास विस्मृतीत गेले होते. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनने बर्लिनमध्ये ते पुन्हा सादर केले, तेही चर्चमध्ये नव्हे, गायनसंस्थेच्या सभागृहात. तेव्हापासून या संगीताला चर्चबाहेरचा श्रोता मिळाला.

श्रोत्यांचेच काय, चर्चचे संगीत घडवणारेही सगळे श्रद्धावान नव्हते. राल्फ व्हॉन विल्यम्स हा इंग्रज संगीतकार पाद्र्याचा मुलगा, पण तरुणपणी नास्तिक आणि पुढे अज्ञेयवादी. १९०६ साली निघालेल्या ‘द इंग्लिश हिम्नल’ या स्तोत्रसंग्रहाचे संगीत संपादन त्यानेच केले. गावोगाव फिरून शेतकरी-मजुरांकडून टिपून घेतलेल्या लोकगीतांच्या चाली त्याने स्तोत्रांना दिल्या. सरे परगण्यातल्या फॉरेस्ट ग्रीन गावी मिळालेली अशी एक चाल इंग्लंडमध्ये आजही दर नाताळात गायली जाते. याच संग्रहात त्याने थॉमस टॅलिसची सोळाव्या शतकातली एक चाल घेतली, आणि तिच्यावरून १९१० साली केवळ तंतुवाद्यांसाठी एक अप्रतिम रचना केली. ती प्रथम वाजली ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये.

मराठी रसिकाला यात नवल वाटू नये. पंडित भीमसेन जोशींच्या ‘संतवाणी’ला सभागृहे भरत, तेव्हा समोर बसलेले सगळे माळकरी नसत. साबरमतीच्या आश्रमात ‘आश्रम भजनावली’ सिद्ध करणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य; गांधीजींच्या त्या प्रार्थनेत ख्रिस्ती स्तोत्रांनाही जागा होती. आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे चर्चच्या संगीतात वाढलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले, त्यामुळे त्या परंपरेतला मेळ आपल्या कानांवर कधीचाच पडला आहे.

मात्र एक अट आहे. श्रद्धा नसली तरी चालेल, पण माहिती हवी. शब्द बाजूला सारून नुसते गोड सूर घेणारा श्रोता पेत्राच्या आसवांना मुकतो. मराठी वाचकाला ती कथा परभाषेत शोधावी लागत नाही. गोव्यात राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूची भक्ती अभंगांत आणली, आणि मराठी चर्चमध्ये त्यांची पदे आजही गातात. दिवाळीच्या सुट्टीत वाचकांनी ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ऐकावे, एका बैठकीत नाही जमले तर दोन भागांत. ऐकण्यापूर्वी मत्तयाच्या शुभवर्तमानाचे सव्विसावे आणि सत्ताविसावे अध्याय मराठीत वाचून घ्यावेत.