मोठी बाटली, अर्धे विज्ञान

मोठ्या बाटलीतील रेड वाइन सावकाश आणि म्हणून अधिक चांगली मुरते, हा बोर्दोच्या तळघरांतला जुना समज भारतीय विज्ञानवार्तांत 'शास्त्राने सिद्ध झालेला' म्हणून मिरवू लागला आहे. कारणही ठरलेले : मोठ्या बाटलीचे पृष्ठफळ घनफळाच्या मानाने कमी असते. गणित बरोबर आहे. पण काचेतून प्राणवायू आत शिरतच नाही, तेव्हा काचेच्या पृष्ठफळाचा येथे संबंध काय?

प्राणवायूची वाट बुचातून जाते. ७५० मिलिलिटरची साधी बाटली आणि १.५ लिटरची मॅग्नम यांच्या गळ्याचा व्यास जवळपास सारखाच असतो. शिरणारा वायू तेवढाच, वाइन मात्र दुप्पट. म्हणून दर लिटरमागे मॅग्नमच्या वाट्याला निम्मा प्राणवायू येतो. युक्तिवाद येथवर भक्कम आहे. बातमी मात्र येथेच थांबते.

नैसर्गिक बूच ही झाडाची साल आहे; एकातून झिरपणारा वायू दुसऱ्याच्या कित्येक पट असू शकतो. या तफावतीत बाटलीच्या आकाराचा दुपटीचा परिणाम सहज बुडून जातो. एक मॅग्नम आणि एक साधी बाटली, तीही लेबल पाहून, चाखल्यावर निघालेला निष्कर्ष आकाराविषयी आहे की बुचाविषयी, हे कोणी सांगावे?

शिवाय मुरणे म्हणजे केवळ ऑक्सिडीकरण नव्हे. अँथोसायनिन आणि टॅनिन यांचे काही संयोग, एस्टरांचे विघटन या अभिक्रिया प्राणवायूविनाही चालतात, आणि त्यांचा वेग तापमान ठरवते. ढोबळ नियमाने दर १० अंशांना तो दुप्पट होतो. १३ अंशांच्या तळघराऐवजी ३३ अंशांच्या दुकानात ठेवलेल्या बाटलीत तो चौपट! मॅग्नम उशिरा तापते हे खरे; पण तो उशीर तासांचा, वर्षांचा नव्हे. दिल्लीच्या किंवा नागपूरच्या मे महिन्यात फळीवर उभ्या असलेल्या मॅग्नमला तिचा आकार वाचवीत नाही. ग्राहक मात्र त्या आकारासाठी जादा पैसे मोजतो.

किती बाटल्या तपासल्या? बूच कोणते? तापमान किती? चाखणाऱ्यांपासून बाटली लपवली होती काय? ही चार उत्तरे न देणारी बातमी विज्ञानवार्ता नसून जाहिरात होय. मद्याची थेट जाहिरात दूरचित्रवाणीवर निषिद्ध असलेल्या देशात विज्ञानाने आपले नाव तिला उसने देऊ नये.