फॉरमॅट मारण्याआधी निदान हवे

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथल्या मुलांना शिष्यवृत्तीसाठी जातीचा, उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्यासाठी सेवा केंद्राची पायरी चढावी लागते. कागद स्कॅन होता होता ‘आऊट ऑफ मेमरी’ असा संदेश येऊन प्रोग्रॅम बंद पडला, की पाड्यावरून आलेल्या पालकाची त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी दोनच उपाय सुचवले जातात: ‘फॉरमॅट मारा’ नाहीतर ‘रॅम वाढवा’. ते कधी लागूही पडतात. पण बिघाड न शोधता केलेला उपाय म्हणजे निव्वळ अंदाज, आणि त्याची किंमत रांगेतला माणूस मोजतो.

एकाच संदेशामागे वेगवेगळी कारणे असतात. टास्क मॅनेजर उघडला की रॅम कोण खाते आहे ते दिसते. एकच प्रोग्रॅम तासागणिक फुगत असेल, तर दोष त्या प्रोग्रॅमचा. तो अपडेट केला पाहिजे. 32 बिटच्या प्रोग्रॅमला विंडोज एरवी 2 जीबीच जागा देते; त्याच्यासाठी 16 जीबी रॅम बसवूनही उपयोग नाही, 64 बिटची आवृत्ती घ्यावी लागते. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल, तर रॅम कमी पडल्यावर विंडोज डिस्कवर वापरते त्या पेज फाईलला वाढायला जागा उरत नाही. आणि रोज निराळाच प्रोग्रॅम कोसळत असेल, तर रॅमच्या पट्टीवर संशय घ्यावा. किनाऱ्यालगतच्या दमट, खाऱ्या हवेत धातूचे संपर्क गंजू शकतात. त्यामुळे मशीन बंद करून पट्टी काढावी, पुसून पुन्हा नीट बसवावी. विंडोजमध्येच असलेली मेमरी डायग्नोस्टिक चाचणी फुकट आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढा वेळ कुणाला आहे? फॉरमॅट केला की मशीन चालू होते. होते खरे, कारण साचलेले अनावश्यक प्रोग्रॅम निघून जातात. पण त्याबरोबर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या बिघाडाच्या नोंदीही पुसल्या जातात, आणि पट्टी सदोष असेल तर दुखणे परत येते. सदोष रॅम गुपचूप फायलीही बिघडवू शकते, हे त्याहून गंभीर. दुसरा आक्षेप, जुनी यंत्रेच बदला. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, त्यामुळे काही यंत्रे बदलावी लागतील हे मान्य. पण तोच 32 बिटचा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चढवला, तर तोच संदेश तिथेही दिसेल.

म्हणून सेवा केंद्रे, शाळा आणि ग्रामपंचायतींनी संगणकाशेजारी एक वही ठेवावी: तारीख, वेळ, कोणता प्रोग्रॅम, नेमका संदेश काय. दुरुस्तीच्या बिलावर बिघाडाचे कारण आणि केलेली चाचणी लिहिलेली असावी. त्याशिवाय सार्वजनिक पैशातून रॅम किंवा नवे यंत्र घेऊ नये. वहीला खर्च जवळपास नाही, आणि दाखल्यासाठी आलेल्या माणसाचा दुसरा हेलपाटा तिच्यामुळे वाचू शकतो.