यंत्रांशी मैत्री : चोर कोण? इंजेक्टर, वायर की कॉम्प्युटर?

दोस्तांनो, थर्मामीटर फक्त 'ताप आहे' एवढंच सांगतो. तो मलेरियाचा की घसा सुजल्याचा, हे डॉक्टरांनाच शोधावं लागतं. मोटारीतल्या कॉम्प्युटरचंही अगदी तसंच असतं, बरं का!

समजा, गाडी थरथरतेय. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाय. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला, तर कोड दिसला : पी ०२०१. अमेरिकेत १९९६ सालापासून सगळ्या नव्या मोटारींना अशा कोडची सोय सक्तीची झाली आणि पुढे ती इतर देशांतही पसरली. या कोडचा अर्थ, 'पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये बिघाड'. नीट वाचा हं! 'इंजेक्टर बिघडला' असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

इंजेक्टर म्हणजे पेट्रोलचा फवारा मारणारी छोटीशी झडप. तिच्यात तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज गेली की ते लोहचुंबक बनतं आणि झडप उघडते. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर ही झडप मिनिटाला ४०० वेळा उघडते आणि दर वेळी सेकंदाचे जेमतेम दोन-तीन हजारांश भाग उघडी राहते!

आता गंमत ऐका. तुम्हाला वाटेल, कॉम्प्युटर इंजेक्टरला वीज पुरवतो. छे! बहुतेक गाड्यांत बॅटरीचे १२ व्होल्ट फ्यूजमधून इंजेक्टरच्या एका टोकाला आधीच आलेले असतात. कॉम्प्युटर फक्त दुसरं टोक 'अर्थ'ला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडतो आणि सोडतो. जोडलं की वीज वाहते, सोडलं की थांबते.

सोडलेलं असताना वेटोळ्यातून पलीकडे आलेले १२ व्होल्ट कॉम्प्युटरला आपल्या पिनेवर 'दिसतात'. ते दिसले नाहीत, की तो कोड नोंदवतो. पण वाट नेमकी कुठे तुटली? वेटोळं, वायर, सॉकेट... कुठेही तुटली तरी त्याला दिसणार शून्यच!

म्हणून हुशार मेकॅनिक वाटेवर तीन ठिकाणी मल्टिमीटर लावतो. इंजेक्टर जोडलेलाच ठेवायचा, चावी फिरवायची, पण इंजिन सुरू करायचं नाही.

ठिकाण १ : इंजेक्टरकडे येणारी वायर. इथेच शून्य? मग फ्यूज, रिले किंवा मागची वायर तपासा.

ठिकाण २ : इंजेक्टरमधून निघणारी वायर. १ वर १२ आणि इथे शून्य? मग बहुधा वेटोळं तुटलंय.

ठिकाण ३ : कॉम्प्युटरची पिन. इथेही १२ आहेत, तरी झडप उघडत नाही? मग कॉम्प्युटरची स्वतःची अर्थची वायर आधी बघा. ती पक्की असेल, तरच कॉम्प्युटरवर संशय घ्या.

पण मल्टिमीटरही फसवू शकतो! दहा तारांची वायर कुजून एकच तार उरली, तरी तो १२ व्होल्टच दाखवतो, कारण त्याला स्वतःला वीज जवळजवळ लागतच नाही. इंजेक्टरला मात्र सुमारे एक अँपिअर लागतो. तेवढी वीज वाहू लागली, की बिचारी तार दम टाकते. म्हणून ठिकाण १ आणि अर्थ यांच्यामध्ये छोटा १२ व्होल्टचा बल्ब लावून बघतात. तो मिणमिणला तर वायर कमजोर! कॉम्प्युटरकडच्या वायरवर मात्र हा बल्ब लावायचा नाही. जास्त वीज ओढली गेली, तर कॉम्प्युटरमधला नाजूक ट्रान्झिस्टर जळू शकतो.

कोड वाचून लगेच इंजेक्टर बदलला, तरी दिवा पुन्हा लागतो. मग कॉम्प्युटर बदला! आई-बाबांचे हजारो रुपये जातात आणि खरा चोर, म्हणजे गंजलेलं सॉकेट, तिथेच आरामात बसलेला असतो. गॅरेजमध्ये गेलात तर मेकॅनिककाकांना नक्की विचारा, "काका, वीज कुठपर्यंत पोचतेय ते मोजलंत का?" तुम्ही मात्र बॉनेटखाली हात घालू नका हं. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा एकदम फिरू लागतो.

आता डोकं चालवा : १ वर १२, २ वर १२, ३ वर शून्य. चोर कुठे?

(उत्तर : इंजेक्टर आणि कॉम्प्युटर यांच्यामधली वायर किंवा तिचं सॉकेट.)