पंप गेला, नाव कुणाचं?

पेण-रोह्याकडे शेतावरचा पंप गेला की पहिला संशय कातकरीवाडीवर. मीही घेतला होता; पंप सापडला भलतीकडेच. अजून लाज वाटते.

नाशिकजवळच्या २००३ च्या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली होती. ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख भरपाई दिली. गेलेली वर्षं कोण देणार?

तक्रार जरूर द्या, पण पंपाचा नंबर न् डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. अटक झालीच तर कारण सांगणं, घरी कळवणं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेणं, हा कायदा आहे. मोफत वकिलासाठी अलिबागचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

लावणीला हीच माणसं आपल्या चिखलात उतरतात, मंडळी.